ट्रोपोनिन किती आलं आणि पेशंट किती वाजता आला

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, धोका टळला का?" उत्तरही बहुधा ठरलेलं, "बहात्तर तास जाऊ द्या, मग बोलू." हे उत्तर अगदीच हवेतलं नाही. हार्ट अटॅकनंतर हृदयाची लय बिघडून दगावण्याची भीती पहिल्या दोन-तीन दिवसांतच जास्त असते. पण हल्ली या वायद्याच्या जोडीला छापील कागद आलाय. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन इतकं, हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी इतकं, शरीरातला दाह दाखवणारं एचएस-सीआरपी इतकं. शेजारी 'नॉर्मल रेंज', आणि आकडा ती ओलांडून गेला असेल तर ठळक अक्षरात. वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून एखादं नवं प्रथिन येतं, आणि अटॅक आलेला माणूस वर्षभर जगेल की नाही हे म्हणे त्यावरून कळतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रक्तावरून असं भाकीत करता येतं, ते बऱ्यापैकी खरंही ठरतं, आणि तरीसुद्धा महाराष्ट्रासारख्या राज्यानं आज अशा चाचण्यांच्या पॅनेलवर सरकारी पैसा घालू नये. रिपोर्ट काहीही आला तरी डॉक्टर तेच करणार असतील, तर त्या रिपोर्टचं बिल कुणी आणि कशासाठी भरायचं, हा प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

या चाचण्यांमागचं तत्त्व जुनं आणि सोपं आहे. हृदयाचा स्नायू मेला की पेशींतला माल रक्तात सांडतो. तो मोजला की किती स्नायू गेला याचा अंदाज येतो. १९५४ साली न्यू यॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवलं की अटॅकनंतर रक्तातलं एसजीओटी हे एन्झाइम वाढतं. आज आपण जे काविळीच्या तपासणीत बघतो, तेच हे एसजीओटी. पुढे सीपीके-एमबी हे हृदयाच्या स्नायूतलं एन्झाइम आलं. ट्रोपोनिन हे प्रथिन जपानच्या सेत्सुरो एबाशींनी साठच्या दशकात शोधलं ते स्नायू आकुंचन कसा पावतो याचा माग काढताना. हृदयरोगाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. हृदयातलं ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतल्या ट्रोपोनिनहून वेगळं ओळखता येतं, हे हेरून हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांच्या गटानं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याची रक्तचाचणी उभी केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी अटॅकची व्याख्याच त्याच्याभोवती नव्यानं बांधली.

भाकिताचा पुरावा त्याआधीच आला होता. १९९६ मध्ये इलियट अँटमन आणि सहकाऱ्यांनी १,४०४ रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले. दवाखान्यात येताना ज्यांचं ट्रोपोनिन सर्वांत कमी होतं, त्यांच्यातले १ टक्का रुग्ण ४२ दिवसांत दगावले. ज्यांचं सर्वांत जास्त होतं, त्यांच्यातले ७.५ टक्के. मधल्या गटांत आकडा पायरी-पायरीनं चढत गेला. इतकी स्वच्छ चढण वैद्यकात क्वचित दिसते. पण हाच आकडा बाकड्यावरच्या माणसाला सांगायची वेळ आली की त्याचं काय होतं बघा. सर्वांत वाईट गटातलेसुद्धा शंभरातले ब्याण्णव जण जगले. तुमचे वडील त्या ब्याण्णवांतले की उरलेल्या सात-आठांतले, यावर ट्रोपोनिन गप्प आहे. गटाचं भाकीत आणि माणसाचं भाकीत यांतली ही फट कुठल्याही नव्या प्रथिनानं अजून बुजवलेली नाही.

त्याहून मोठी गंमत अशी की, सर्वांत दणदणीत भाकीत करणारी तपासणी रक्ताची नाहीच. १९६७ मध्ये थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी न्यू यॉर्कच्या आपल्या रुग्णालयातल्या २५० रुग्णांची चार वर्गांत विभागणी केली. साधनं कोणती, तर स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र आणि डोळे. फुप्फुसात करकर ऐकू येते का, मानेच्या शिरा फुगल्यात का, हातपाय गार पडलेत का, बीपी टिकतंय का. पहिल्या वर्गात मृत्यू ६ टक्के, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि शॉकमध्ये गेलेल्यांच्या, म्हणजे बीपी कोसळलेल्यांच्या, चौथ्या वर्गात ८१. तेव्हा गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं नव्हती, अँजिओप्लास्टी नव्हती, म्हणून आकडे भयंकर आहेत. आज ते बरेच खाली आले, पण वर्गांचा क्रम हललेला नाही. अटॅकनंतरचा धोका मोजायला आज जगभर वापरला जाणारा 'ग्रेस' स्कोअर आठ गोष्टी मागतो: वय, नाडी, बीपी, किलिपचा वर्ग, ईसीजीतला बदल, येताना हृदय बंद पडलं होतं का, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि हृदयातली एन्झाइम्स. आठांत रक्ताच्या दोनच. त्यातलं क्रिएटिनिन तर तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होतं.

मग यात नव्या मार्करांची, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या अशा खुणांची, भर घातली तर किती फरक पडतो? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पथकानं २००६ मध्ये याचा हिशेब मांडला होता. अटॅक आलेल्यांवर नव्हे, सर्वसाधारण लोकांवर. ३,२०९ माणसं आणि दहा मार्कर. पुढे दगावलेला एक आणि न दगावलेला एक अशी जोडी समोर ठेवली, तर वय, बीपी, साखर, सिगारेट असल्या नेहमीच्या माहितीवरून दगावणारा कोण हे शंभरातल्या ८० वेळा बरोबर ओळखता येत होतं. दहा मार्कर घातल्यावर ८२ वेळा. अटॅकनंतरच्या रुग्णांत एनटी-प्रोबीएनपीसारखा मार्कर याहून थोडी जास्त भर घालतो, हे मान्य. पण जाहिरातीत दिसते तशी ही काही दिव्यदृष्टी नव्हे.

आणि समजा दिव्यदृष्टीच मिळाली, तर तिचं करायचं काय? इथे माझी कसोटी एकच आहे: निकालानं उपचार बदलतो का, आणि बदललेल्या उपचारानं माणूस वाचतो का? ट्रोपोनिन या कसोटीला उतरलंय. २००१ च्या एका मोठ्या उपचार-चाचणीत, ईसीजी पूर्ण फिरलेला नाही पण ट्रोपोनिन वाढलंय अशा रुग्णांना लवकर अँजिओग्राफीला नेण्याचा स्पष्ट फायदा दिसला. ट्रोपोनिन न वाढलेल्यांत तो दिसला नाही. म्हणजे रिपोर्ट बघून रस्ता ठरवता येतो. होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाची गोष्ट नेमकी उलटी आहे. ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांना हृदयविकार जास्त, हे निरीक्षण खरं होतं. फॉलिक ॲसिड आणि बी जीवनसत्त्वांनी ते खाली येतं, हेही खरं. नॉर्वेत अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांना या गोळ्या देऊन बघितल्या. होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरलं आणि अटॅक, मृत्यू काहीही कमी झालं नाही. हा निकाल २००६ चा. आजही आपल्याकडच्या लॅबांच्या 'हार्ट प्रोफाइल' पॅकेजात होमोसिस्टीन दिमाखात बसलेलं असतं. त्याचा रिपोर्ट वर आला की घरात काळजी आणि कपाटात जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एवढंच घडतं. हार्ट फेल्युअरमध्ये एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बघून औषधं वाढवायची की नेहमीसारखी लक्षणं बघून, याचीही तुलना झाली. २०१७ मध्ये ती अर्ध्यात थांबवावी लागली, कारण आकड्यामागे धावण्याचा जादा फायदा दिसेना.

आकडे पुरेसे बारीक चिरले की त्यातून काय वाटेल ते निघतं, याचा एक मासला हृदयरोगाच्या इतिहासातच आहे. १९८८ च्या आयसिस-२ या औषध-चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदयविकाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटवले, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजनं २५ आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. संपादकांनी उपगटांचे निकाल मागितले, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशींचाही तक्ता जोडला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही असं त्यातून निघालं! पाश्चात्त्य पद्धतीच्या सूर्यराशी होत्या, नाहीतर आपल्याकडे एव्हाना कुणीतरी पत्रिका बघून ॲस्पिरिन लिहू लागलं असतं. नवा मार्कर घेऊन येणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधाला हा तक्ता आठवून वाचावं.

आता हे सगळं आपल्या भूमीवर आणून बघू. रात्री दोनला छातीत दडपण येतं, दरदरून घाम फुटतो. घरचे आधी सोडा पाजतात, मग शेक देतात, मग गाडी शोधतात. साडेतीनला तालुक्याच्या दवाखान्यात रक्ताचे थेंब ट्रॉप-टीच्या कार्डावर पडतात. गर्भचाचणीच्या पट्टीसारखंच ते; दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, एक म्हणजे निगेटिव्ह. पंधरा मिनिटांनी एकच रेघ उमटते. "काका, ट्रॉप-टी निगेटिव्ह आहे. ॲसिडिटी दिसतेय, गोळी देतो, सकाळी दाखवा." काका घरी जातात आणि सकाळ होत नाही. हे कार्ड खोटं बोललेलं नसतं. स्नायू मरून ट्रोपोनिन रक्तात उतरायला काही तास लागतात, आणि असली कार्डं संवेदनशील यंत्रांच्या मानानं ढोबळ. म्हणून तर पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी काही तासांनी दुसरी करायची असते. मोठ्या अटॅकमध्ये तर ट्रोपोनिनची वाटच बघायची नसते. ईसीजीच्या पट्टीवर एसटी हा रेघेचा भाग उचललेला दिसला की निदान झालं, घड्याळ सुरू झालं.

घड्याळाचे आकडे निष्ठुर आहेत. इटलीतल्या १९८६ च्या प्रचंड औषध-चाचणीत, ११,८०६ रुग्णांत, पहिल्या तासात स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांचे मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले. तीन तासांपर्यंत २३ टक्के. सहा तासांनंतर ठळक फायदा उरला नाही. आणि भारतीय रुग्ण कधी पोहोचतो? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयरोग्यांच्या 'क्रिएट' नोंदणीत पन्नास शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले २०,९३७ रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून दारात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटं. म्हणजे इटलीतल्या हिशेबानं जेव्हा इंजेक्शनचा जोर संपतो, नेमका तेव्हा आपला निम्मा भारत अजून वाटेत किंवा घरीच. तीही शहरातल्या, नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांची गोष्ट. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा माणूस या यादीत आलाच नसेल.

'क्रिएट'मधला आणखी एक आकडा मला कुठल्याही मार्करपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तीस दिवसांत गरीब रुग्णांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५ टक्के. संशोधकांनी शोधलं की हा फरक कशानं पडतो. बीपी, मधुमेह, तंबाखू वगैरे हिशेबात घेतलं तरी तो तसाच राहिला. कोणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात घेतलं आणि फरक नाहीसा झाला. थोडक्यात, गरिबाच्या रक्तात काही वेगळं नव्हतं. त्याला औषधंच कमी मिळाली. असा निकाल हातात असताना रक्तातली नवनवी प्रथिनं मोजत बसणं मला तरी विचित्र वाटतं.

काय केलं की मृत्यू घटतात, हेही आपल्याच देशात करून दाखवलंय. तमिळनाडूत लहान रुग्णालयं आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेली मोठी केंद्रं एका जाळ्यात जोडली. लहान ठिकाणी ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाला दाखवायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग पेशंट केंद्राकडे न्यायचा. २,४२० रुग्णांच्या नोंदींत एका वर्षातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. आधी-नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय एका योजनेला देता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. गोव्यानंही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला केंद्र करून आरोग्य केंद्रं अशीच जोडली, टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोफत ठेवलं. गोवा लहान आहे, तिथे जमतं, असं म्हणून हात झटकू नयेत. जाळं जिल्ह्याचं असतं, आणि आपले बहुतेक जिल्हे गोव्याएवढे किंवा त्याहून मोठे आहेतच. शिवाय महाराष्ट्राकडे २०१४ पासून १०८ च्या गाड्या आहेत, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि टेनेक्टेप्लेज तर खुद्द पुण्यात बनतं. तुटतं ते मध्येच: ग्रामीण रुग्णालयात रात्री ईसीजी काढणारं कुणी आहे का, काढलेला ईसीजी वाचणारं कुणी फोनवर आहे का, आणि इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे का. नसेल तर "पुढं न्या" हे दोन शब्द आणि एक चिठ्ठी मिळते. त्या पुढं नेण्यात दोन-अडीच तास जातात, आणि तेवढ्यात काय काय मरतं ते वर आलंच आहे.

याला जोरदार प्रतिवाद आहे, तोही ऐकायला हवा. साधनं तुटपुंजी आहेत म्हणूनच निवड करावी लागते, असं अनेक हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात. कॅथलॅब शंभर किलोमीटरवर, गाडी एक, पेशंट तीन. आधी कुणाला पाठवायचं हे रक्तानं सांगितलं तर बरंच की. बरोबर आहे. पण ती निवड करायला किलिपचा वर्ग, बीपी, ईसीजी आणि क्रिएटिनिन पुरेसं आहे, आणि तेवढंही आज सगळीकडे नीट टिपलं जात नाही. शॉकमधल्या रुग्णांसाठीचा जर्मनांनी केलेला स्कोअरसुद्धा रक्तापुरतं बोलायचं तर लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल), साखर, क्रिएटिनिन असल्या साध्या गोष्टींवरच उभा आहे.

एका ठिकाणी मात्र मी या तज्ज्ञांच्या बाजूनं आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकी जगात जवळपास ५९ व्या. वयाला भरपूर गुण देणारे, मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवरून घडवलेले स्कोअर आपल्या चाळीस-बेचाळीसच्या माणसाला 'कमी धोका' म्हणून सोडून देऊ शकतात. त्याचं बीपी चांगलं, फुप्फुस स्वच्छ, पण पंप खचलेला. तिथे एनटी-प्रोबीएनपी खरोखर कामाचं ठरू शकेल. तेवढं आपल्या रुग्णांवर तपासायला हवं, आणि त्या संशोधनाला सरकारी पैसा जरूर द्यावा. परदेशी पॅनेल विकत घेऊन जिल्हा रुग्णालयात बसवणं म्हणजे संशोधन नव्हे.

भाकिताचा एक उपद्रव आपल्याकडे जास्त आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू केलेल्या, बेशुद्ध रुग्णांसाठी एनएसई नावाची रक्तचाचणी आहे. मेंदूला किती इजा झाली याचा ती अंदाज देते. युरोपच्या २०२१ च्या सूचना ७२ तासांनंतर किमान दोन वेगवेगळे पुरावे जुळल्याशिवाय आशा नाही असं म्हणू देत नाहीत. कारण उघड आहे: वाईट रिपोर्ट बघून उपचार थांबवले की रुग्ण जातो, आणि रिपोर्ट खरा ठरला अशी नोंद होते. आपल्याकडे तर आयसीयूचं बिल रोज वाढत असतं, दागिने गहाण पडलेले असतात. अशा घराला 'चान्सेस कमी' असं छापलेला कागद दिला तर तो निदान म्हणून वाचला जात नाही, घरी न्यायची परवानगी म्हणून वाचला जातो. तोच कागद उद्या विमा कंपनीच्या टेबलावर गेला तर प्रीमियम कुठे जाईल याची कल्पना केलेली बरी. धोक्याचा आकडा कुणाला, कुठल्या शब्दांत सांगायचा, याचे नियम आधी व्हावेत, चाचण्या नंतर.

वाचून घरी गेलेल्यांचं काय होतं, तिकडे तर कुणाचं लक्षच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' अभ्यासात भारत ज्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात होता, तिथल्या हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांपैकी ८० टक्के लोक ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, बीपीची गोळी यांपैकी एकही घेत नव्हते. डिस्चार्ज कार्डावर पाच-सहा गोळ्या लिहिलेल्या असतात. पहिला महिना स्टेंटच्या भीतीनं सगळ्या जातात, मग "आता बरं वाटतंय" म्हणून एकेक गळते. यातल्या बहुतेक गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त आहेत. कुठलाही मार्कर न मोजता, तालुक्याच्या रुग्णालयात त्या अखंड मिळाल्या तर किती जीव वाचतील याचा अंदाज करायला मोठं गणित लागत नाही.

आणि हा अंदाज पडताळायला जे लागतं, ते आपल्याकडे जवळपास नाही. अटॅकचा पेशंट डिस्चार्ज झाला की बहुतेक रुग्णालयांच्या दृष्टीनं तो संपला. तिसाव्या दिवशी जिवंत आहे का, गोळ्या घेतो का, पुन्हा कुठे भरती झाला का, याची नोंद कुणाकडे नसते. फुले योजनेत प्रत्येक अँजिओप्लास्टीचा क्लेम कॉम्प्युटरवर जातो, पेशंटचा मोबाइल नंबरही त्यात असतो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयावर तिसाव्या दिवशी आणि वर्षानं एक फोन करून उत्तर नोंदवायची सक्ती करावी. लक्षणं किती वाजता सुरू झाली, पहिला ईसीजी किती वाजता निघाला आणि इंजेक्शन किती वाजता दिलं, या तीन वेळाही क्लेममध्ये भरायला लावाव्यात. त्या रिकाम्या असतील तर क्लेम अडवावा. दोन वर्षांत कुठल्या तालुक्यातले पेशंट का मरतात हे राज्याला कळेल, आणि कुठलं प्रथिन मोजायचं हे त्यानंतर ठरवता येईल.